कड्‌ आवाज येण्याआधी हात थांबवा: ट्रान्सफॉर्मर पारखताना होणाऱ्या चुका

रविवारी सकाळी चहा संपायच्या आत दारात कुणीतरी खोकं घेऊन उभं असतं. "काका, पीस खराब निघाला. परत पाठवू का?" मी माग दुरुस्तीवाला माणूस. नोकरीतून मोकळा झालो आणि भाच्यामुळे ट्रान्सफॉर्मरच्या, म्हणजे भाग दुमडले की रोबोची गाडी वगैरे होणाऱ्या खेळण्यांच्या नादी लागलो. आता अर्ध्या जुळे सोलापूरला माहीत आहे की बिघडलेला रोबो माझ्याकडे आणायचा. खोकं उघडलं की बहुतेक वेळा पीस धड निघतो, घाई झालेली असते ती हातांची.

मी बोलतोय ते १९८६ च्या 'ट्रान्सफॉर्मर्स: द मूव्ही' या अ‍ॅनिमेशनपटावरून काढलेल्या स्टुडिओ सिरीज ८६ बद्दल. हॅस्ब्रो आणि टाकारा टोमी या कंपन्यांची ही मालिका २०२१ पासून येतेय. हॉट रॉड, कप, ब्लर, जॅझ, ग्रिमलॉक ही त्यातल्या रोबोंची नावं. आपल्याकडे हे आयात होऊन येतात. खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेली, २०२३ मध्ये ७०. त्यामुळे डिलक्स आकाराच्या एका पीसच्या पैशात घरात काय काय आलं असतं, हे बायको मला अधूनमधून सांगत असते. एवढे पैसे घालून वस्तू पहिल्या पाच मिनिटांत मोडणाऱ्यांची मला दया येत नाही.

दाबून बसवणं

सगळ्या चुकांची आई हीच. गेल्या वर्षी आमच्या गल्लीतला एक पोरगा लाल गाडी घेऊन आला. मॉडेलचं नाव सांगत नाही, नाहीतर खापर त्याच्यावर फुटेल. रोबोची गाडी करताना बाजूची एक पट्टी बसेना. त्याने काय केलं? गाडी दोन गुडघ्यांत धरली आणि तळहाताने दाबली. कड्‌! पट्टी बसली, पण बिजागरीपाशी प्लास्टिक पांढरं पडलं. हा पांढरा डाग धुळीचा नसतो, तो पुसून जात नाही. प्लास्टिक ताणलं जाऊन आतून फाटायला लागलं की तिथं असा रंग येतो. पुढे दोन-चार वेळा उघडझाप केली की तुकडा हातात.

कारण शोधायला मला अर्धा मिनिट लागला. एका हाताची मूठ मनगटात दुमडायची राहिली होती. मूठ बाहेर, म्हणून हात आत जाईना, म्हणून पट्टी बसेना. पट्टीचा दोष शून्य.

"का बे, कागद बघितलास का?"

"त्यात नुसती चित्रंच आहेत की काका. मी व्हिडिओ बघून केलं."

व्हिडिओतला माणूस तीच गोष्ट विसाव्यांदा करत असतो, त्याची बोटं आपोआप वळतात. चित्रांच्या कागदात मात्र मूठ दुमडल्याचा एक छोटा बाण होताच, करंगळीच्या नखाएवढा. मागावर धागा तुटला की आधी माग थांबवायचा, मग धागा शोधायचा. चालू मागात हात घालणाऱ्याची बोटं जातात. इथं बोटं जात नाहीत म्हणून पोरं बिनधास्त दाबतात.

माझी सवय सांगतो, शास्त्र नव्हे. टेबलावर सोलापुरी टॉवेल अंथरतो. त्याच्या लूपमध्ये बंदुका, छोटे तुकडे अडकून राहतात, घरंगळत कपाटाखाली जात नाहीत. टॉवेल आपल्या गावचा, दुसरीकडे शोधायला नको. मग पहिली फेरी काहीही पूर्ण न बसवता करतो, नुसते भाग कुठून कुठे जातात एवढं बघायला. जिथं अडतं तिथून दोन पायऱ्या मागे येतो. बहुतेक वेळा गुन्हेगार मागच्याच पायरीवर सापडतो: न वळवलेलं डोकं, उलटं राहिलेलं पाऊल, न दुमडलेली मूठ. खिडकीच्या पारदर्शक भागांना जास्तच जपतो, कारण ते प्लास्टिक ठिसूळ असतं.

आवाजही ओळखायला शिका. खांद्यात, मांडीत रॅचेट, म्हणजे दातेरी सांधा, असेल तर टक-टक होणारच, ते दात आहेत. घाबरून परत पाठवू नका. त्या टकटकीत लय असते. कड्‌ एकदाच होतं.

गाडीचं रूप बघायचंच नाही

पोरं रोबो उभा करून फोटो काढतात आणि "एक नंबर" म्हणून मोकळी होतात. अरे, निम्मे पैसे गाडीचे दिलेत ना? ती फरशीवर ठेवा आणि हळूच ढकला. चारही चाकं टेकतात का? खाली काही घासतंय का? घासत असेल तर आधी स्वतःला विचारा, पोटाखाली पाय नीट चपटे झालेत का. झाले असूनही घासत असेल तर तो खरा दोष, तेव्हा तक्रार करा. मग बंदूक गाडीवर लावायला जागा आहे का ते बघा. या मालिकेत खुंटी साधारण ५ मिलीमीटरची असते, त्यामुळे एकाची बंदूक दुसऱ्याला बसते.

रोबोच्या बाबतीत मी आधी घोटा बघतो. पाऊल आतबाहेर कलतं का? ते कलत असेल तर पाय फाकवूनही तळवा जमिनीला टेकतो. कलत नसेल तर बाकी कितीही सांधे असोत, तो लग्नातल्या फोटोसारखा ताठच उभा राहणार.

रंगावरून नाक मुरडणं

"हॉट रॉड लाल पाहिजे होता, हा गुलाबी का?" कारण पडद्यावरचा हॉट रॉड किरमिजीकडेच झुकलेला आहे. याहून मोठी गंमत चित्रपटातल्या खलनायकाची, गॅल्वाट्रॉनची. १९८६ चं मूळ खेळणं करड्या रंगाचं आलं आणि चित्रपटात तोच जांभळा होता. खेळणं आणि पडदा जुळत नाहीत ही तक्रार तेव्हापासूनची. ही मालिका पडद्याकडे बघून बनते, म्हणून तुलनाही पडद्याशीच करा. बारीक रेघा, तारा, नटबोल्ट दिसत नाहीत म्हणून "स्वस्तातलं काम" म्हणू नका. हाताने रंगवलेल्या त्या अ‍ॅनिमेशनमध्येही अंग सपाटच होतं.

बाकीच्या, भरभर

उंचीच्या मापाने किंमत मोजू नका. ग्रिमलॉकच्या खोक्यात व्हीली नावाचा छोटा रोबो पण येतो, त्याचा हिशोब कोण धरणार?

आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत मिळणाऱ्या रोबोशी याची बरोबरी करू नका. तो रोबो वाईट नाही, माझ्याकडे दोन आहेत. पण त्याची जात वेगळी.

१ जानेवारी २०२१ पासून भारतात विकायच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. दुकानदाराकडून घेताना खोक्यावर ते शोधा. नावाचं स्पेलिंग चुकलेलं असेल आणि खोकं उघडताच उग्र वास आला, तर माल नकली हे समजून जा.

मे महिन्यात पार्सल उभ्या गाडीत विसरू नका. आपल्याकडचं ऊन माहीत आहे. तलवारी, बंदुका असे मऊ भाग वाकतात. वाकलेच तर गरम पाण्यात बुडवून सरळ करायचे आणि लगेच गार पाण्यात धरायचे. खिडकीतल्या उन्हात मांडून ठेवलात तर पांढरे भाग पिवळे पडतात, आणि त्यावर माझ्याकडे इलाज नाही.

गोंद

शेवटची ही चूक आठवली की माझं डोकं उठतं. कॉलेजातला एक जण कप हा रोबो घेऊन आला. रागाने लाल. "काका, पहिल्याच दिवशी पाय निघून आला. विकणारा पैसे परत देईना."

आता चित्रपट पाहिलेल्यांना माहीत आहे. पाण्याखाली एक यांत्रिक प्राणी कपचे तुकडे तुकडे करतो आणि हॉट रॉड त्याला पुन्हा जोडतो. तो प्रसंग मांडता यावा म्हणून या कपचे हातपाय मुद्दाम सुटणारे केलेत. मी हे समजावून सांगत होतो आणि पोराचा चेहरा उतरत होता.

"मग काय केलंस?"

"चिकटवला."

दहा रुपयांचा झटपट गोंद. चांगला भरपूर. त्याच्या वाफेने आजूबाजूला पांढुरकी झाक आली होती. त्याला वाटलं मी काहीतरी लावून सोडवीन. नेलपॉलिश रिमूव्हरमधलं अ‍ॅसिटोन गोंद विरघळवतं खरं, पण रोबोचं एबीएस प्लास्टिकही विरघळवतं, म्हणजे गोंदाबरोबर मांडीही गेली असती. ढिला सांधा घट्ट करायचा असेल तर मी सांध्यातल्या गोळ्यावर बिनरंगाच्या नेलपॉलिशचा पातळ हात देतो आणि रात्रभर, जमलं तर पूर्ण दिवस वाळू देतो. सांधा ओला असताना जोडायचा नाही. यात एक दिवस जातो, आणि पोरांची तक्रार नेमकी त्या एका दिवसाचीच असते.

दोन संध्याकाळी मी नुसता डोळ्यांना भिंग लावून बसलो. गोंद खुंटीच्या खाचेत होता, गुडघ्यापर्यंत उतरला नव्हता, एवढंच नशीब. पाय वाकतो, पण निघत नाही. तिसऱ्या दिवशी पोरगा पीस घेऊन गेला. आता त्याच्या कपाटात हॉट रॉड वाकून कपला जोडतोय असा देखावा मांडलाय: दोन हात आणि एक पाय बाजूला पडलेले, दुसरा पाय जागच्या जागी. बघणारे विचारतात, हा एकच पाय कसा वाचला? तो माझं नाव सांगतो.