गौताळ्याच्या धबधब्याची गोल फेरी : या चुका टाळा

पाऊस लागला की संभाजीनगरपासून कन्नडपर्यंतची पोरं गौताळ्याच्या अभयारण्यात निघतात. निघावंच. मराठवाड्यात पाण्याचा आवाज ऐकत दिवसभर चालता येईल अशा जागा मोजक्या आहेत. चंदन नाल्याच्या बाजूनं चढायचं, सीताखोरीचा धबधबा बघायचा आणि दुसऱ्या वाटेनं फिरून पुन्हा खाली यायचं. ही फेरी अवघड नाही, मध्यम आहे. आणि मध्यम म्हटलं की लोक ती सोपी धरून चालतात. दर पावसाळ्यात त्याच त्या चुका बघून आता जीव थकलाय, म्हणून लिहितोय.

सगळ्यात वाईट चूक नाल्याची. सकाळी घोट्याएवढं पाणी ओलांडलं, म्हणजे दुपारीही तेवढंच असेल हा भरवसा. सातमाळा या इथल्या डोंगररांगेचा माथा म्हणजे काळा कातळ आणि त्यावर पातळ माती. ती एकदा भिजली की पुढची सर मुरत नाही, सरळ नाल्यात उतरते. तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि वरच्या पठारावर पाऊस कोसळत असतो. ३१ ऑगस्ट २०२१ ला याच डोंगरावर जो पाऊस झाला त्यात कन्नड घाटात दरडी कोसळल्या आणि रस्ता बंद पडला.

एका ऑगस्टमध्ये आम्ही सात जण होतो, त्यातली दोन पोरं पहिल्यांदाच आलेली. सकाळी नाला हसतखेळत ओलांडला. तीन वाजता परत आलो तर पाणी चहासारखं गढूळ, वर वाळकी पानं आणि काटक्या. त्या दोन नव्या पोरांतला एक जण बूट काढून गळ्यात अडकवून तयार. "दादा, हात धरून साखळी करू, दोन मिनिटांचं काम आहे." पलीकडच्या काठावर एक शेळ्यावाले बाबा होते. त्यांनी हात हलवून ओरडून सांगितलं, "येऊ नका! वरून पानी आलंय, बसा गपचिप!" मी सगळ्यांना खाली बसवलं. पाण्याच्या कडेला एक पांढरा दगड खूण म्हणून ठेवला. दहा मिनिटांत तो दगड बुडाला. मग पळसाची अख्खी फांदी वळणावरून आली आणि आमच्यासमोरून गेली. त्या पोरानं काही न बोलता बूट पुन्हा पायात घातले. दोन तासांनी दगड उघडा पडला, पाणी त्याच्याही खाली वीतभर गेलं, तेव्हा आम्ही ओलांडलो.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. नाल्याशी आलो की आधी दगडाची खूण, मग पाच मिनिटं नुसतं बघणं. पाणी गुडघ्याच्या वर असेल किंवा तळ दिसत नसेल तर बसायचं. ओलांडायचंच झालं तर पात्र जिथं रुंद आणि उथळ आहे तिथं, पाठपिशवीचे पट्टे सैल करून, हातात काठी घेऊन. धबधब्याच्या वरच्या अंगाला तर कधीच नाही. पाण्याला घाई नको. ज्याला सहाची गाडी गाठायची आहे त्यानं त्या दिवशी डोंगरात येऊच नये.

दुसरी चूक शॉर्टकटची. मला तिची खरी चीड येते. वरून खालचा रस्ता दिसतो, मध्ये हिरवा उतार दिसतो आणि कुणीतरी म्हणतं, घळीतून सरळ उतरू. आपला डोंगर लाव्ह्याच्या थरांचा आहे, एकावर एक पायऱ्या रचल्यासारखा. या खडकाला डेक्कन ट्रॅप म्हणतात, त्यातला ट्रॅप हा शब्दच मुळात पायरीवरून आलेला. वरून बघताना फक्त पायरीचा सपाट भाग दिसतो, तिचा उभा कडा दिसत नाही. तुम्ही गवतातून दोन टप्पे उतरता आणि तिसऱ्याला दोन पुरुष उंचीचा कडा पायाखाली येतो. खाली जाता येत नाही, आणि ओल्या गवतावरून वर चढणं उतरण्यापेक्षा कठीण. वाट सोडून वाचलेल्या अर्ध्या तासासाठी मी कधी कुणाला घळीत उतरू देत नाही. त्यावरून मित्र रुसले तरी चालतं.

पठारावर चुकण्याचं कारण बहुतेक वेळा गुरवाटा. त्या पाण्याकडे किंवा चाऱ्याकडे जातात, गावाकडे जातीलच असं नाही. धुकं उतरलं आणि वाट फुटली की मी प्रत्येक फाट्यावर मागे वळून एक फोटो काढतो, म्हणजे परतताना जागा ओळखू येते. गोल फेरीत "आता अर्धं झालंय, पुढे गेलो तरी तेवढंच" हे वाक्य फार ऐकू येतं. मागचं अर्धं तुम्ही पायांनी बघितलेलं असतं, पुढचं नसतं. शंका आली तर आल्या वाटेनं परत फिरा.

उशिरा निघू नका. मी साताला चालायला लागतो. हे सुमारे २६० चौरस किलोमीटरचं अभयारण्य आहे, बिबट्याचं आणि अस्वलाचं घर. २०२१ मध्ये टिपेश्वरहून चालत आलेला वाघही इथंच दिसला होता. संध्याकाळचं रान त्यांचं.

धबधब्याच्या थेट खाली उभं राहू नका, पाण्यासोबत दगडही येतात. शेवाळलेल्या कातळावर नवे गुळगुळीत बूट घालून नाचू नका. कपारीत न बघता हात घालू नका, फुरसं हा विषारी साप दगडात बसतो. कड्यावर आग्या मोहोळ असेल तर धूर नको, अत्तर नको, आरडाओरडा नको. जीन्स भिजली की दिवसभर ओझं. माकडांना वेफर्स देऊ नका. धपाटे आणि चटणी फडक्यात बांधून आणा, म्हणजे थर्माकोलच्या ताटल्या मागे उरत नाहीत. स्पीकर घरी ठेवा, नाल्याचा बदललेला आवाज ऐकू यायला हवा.

आणि वन विभागाच्या नाक्यावर जाताना नोंद केली असेल तर बाहेर पडताना थांबून "आलो" एवढं सांगा. एकदा आमच्या पुढचा एक गट न सांगता दुसऱ्या बाजूनं निघून गेला होता, आणि नाक्यावरची माणसं अंधारात, पावसात बॅटरी घेऊन त्यांना हाका मारत नाल्यापर्यंत जाऊन आली होती.