मुरगावहून क्रूझवर जाताना: स्ट्रेटनर, ड्रायर आणि कर्लरचं काय करायचं

बॅग भरायला घेण्याआधी स्ट्रेटनर उलटा करा आणि त्याच्या दांड्यावर किंवा वायरीच्या तोंडाशी बारीक अक्षरांत काय छापलंय ते वाचा. डोळ्यांना दिसत नसेल तर मोबाइलने फोटो काढून मोठा करा. व्होल्ट, हर्ट्‌झ आणि वॅट असे तीन आकडे तिथे असतात. काय न्यायचं आणि काय घरी ठेवायचं, हे त्यांवरच ठरतं. किंमत किंवा ब्रँडवर नाही.

‘१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्‌झ’ असं लिहिलं असेल तर ते उपकरण जगातल्या कुठल्याही बोटीवर चालेल. नुसतं ‘२२०–२४० व्होल्ट’ असेल तर ते फक्त २२०च्या सॉकेटलाच लावायचं. आपल्याकडे मिळणारे बरेच स्ट्रेटनर पहिल्या प्रकारात बसतात, ड्रायर मात्र बहुतेक दुसऱ्या. प्रवासासाठीच्या काही ड्रायरवर व्होल्टेज बदलायची छोटी खाच असते, ती नाण्याने फिरवावी लागते. ती खाच कुठल्या आकड्यावर आहे हे प्लग लावण्याआधी प्रत्येक वेळी बघा.

घरच्या भिंतीत २३० व्होल्ट येतात. बोट स्वतःची वीज स्वतःच्या जनरेटरवर तयार करते आणि केबिनमध्ये बहुधा दोन तऱ्हेची सॉकेटं असतात: चपट्या दोन पिनांचं ११० व्होल्टचं आणि गोल दोन पिनांचं २२०चं. आपला १२०० वॅटचा ड्रायर ११०ला लावला तर काय होतं? व्होल्टेज निम्मं झालं म्हणून उष्णता निम्मी होत नाही, ती साधारण पावपट होते. १२०० वॅटचे उरतात पावणेतीनशे. पंखा कण्हतो, कोमट हवा येते आणि अर्ध्या तासानंतरही केस ओलेच. उपकरण बिघडत नाही, पण उपयोगही होत नाही.

उलट बाजू मात्र धोक्याची आहे. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेला, फक्त ११० व्होल्टचा कर्लर २२०ला लावला तर तो ठरल्यापेक्षा चौपट शक्ती खेचतो. १००० वॅटच्या ड्रायरमधून ४००० वॅट. तार लाल होते, प्लास्टिक वितळतं, काही सेकंदांत धूर निघतो. घरात असं झालं तर मेन स्विच पाडता येतो, बोटीवर मात्र तुमच्या वरच्या आणि खालच्या मजल्यांवर माणसं झोपलेली असतात. गल्फहून आलेल्या बहुतेक उपकरणांची अशी भीती नाही. व्होल्टेज बहुधा आपल्यासारखंच असतं, फक्त तीन चौकोनी पिनांचा प्लग बोटीच्या सॉकेटात बसत नाही.

पिना आणि ॲडॅप्टर

स्ट्रेटनरला बारीक गोल दोन पिना असतील (४ मिलिमीटर जाडीच्या, चपट्या प्लगच्या), तर तो बोटीच्या गोल सॉकेटात थेट बसतो, ॲडॅप्टर लागतच नाही. तीन पिनांचा आपला ६ अँपियरचा प्लग मात्र तिथे शिरत नाही. त्याच्या खालच्या दोन पिना पाच मिलिमीटरहून किंचित जाड असतात आणि भोक त्याहून लहान. बळजबरीने दाबू नका. सॉकेटातल्या पट्ट्या एकदा फाकल्या की पुढचा प्रत्येक प्लग सैल बसतो, आणि सैल प्लग म्हणजे तापणारा प्लग.

म्हणून दोन साधे ॲडॅप्टर घ्या, एक गोल पिनांचा, एक चपट्या पिनांचा. वास्कोत, मडगावात किंवा पणजीच्या १८ जून रस्त्यावर इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतात. घेताना त्यावरचा अँपियरचा आकडा बघा. १२०० वॅट २३० व्होल्टला पाच-सव्वापाच अँपियर घेतात, पण तेवढेच वॅट ११० व्होल्टला जवळजवळ ११ अँपियर घेतात. ६ अँपियरचा ॲडॅप्टर त्यात मऊ पडतो. आणि ॲडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. व्होल्टेज बदलणारा छोटा कन्व्हर्टर आणूच नका. डिजिटल स्ट्रेटनर त्यावर बिघडतात आणि अनेक बोटींवर तो चालतही नाही.

एक्स्टेन्शन बोर्ड, मल्टिप्लग आणि खास करून सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेज एकदम वाढलं तर उपकरण वाचवणारा बोर्ड) बहुतेक क्रूझ कंपन्या जप्त करतात. लोकांना हा आडमुठेपणा वाटतो, पण कारण पक्कं आहे. घरी एका तारेत वीज असते आणि दुसरी न्यूट्रल असते. बोटीवर बऱ्याचदा दोन्ही तारांत वीज असते आणि कुठलीच तार थेट बोटीच्या लोखंडाला जोडलेली नसते. घरासाठी बनवलेला सर्ज प्रोटेक्टर अशा रचनेत चुकीच्या तऱ्हेने वागतो, तापतो आणि पेटू शकतो. २०१३ साली अमेरिकेच्या तटरक्षक दलाने जहाजांवरच्या सर्ज प्रोटेक्टरबद्दल खास इशारा काढला तो याचसाठी.

काय घरी ठेवायचं

कपड्यांची इस्त्री, कपड्यांचा स्टीमर, पाणी तापवायची कॉइल, इलेक्ट्रिक किटली आणि गॅसच्या नळकांडीवर चालणारा कर्लर: ही सगळी घरीच राहू द्या. केसांचा ड्रायर, स्ट्रेटनर आणि विजेचा कर्लर बहुतेक कंपन्या चालवून घेतात, तरी तुमच्या कंपनीची मनाई यादी तिकिटासोबत वाचून घ्या. वाफ सोडणारा स्ट्रेटनर असेल तर आधी विचारा, कारण तपासणीत तो स्टीमर समजला जाण्याची शक्यता असते. लपवून न्यायचा मोह नको. बॅगा एक्स-रेतून जातात, आणि समुद्रावर आग लागली तर धावायला रस्ता नसतो.

केबिनमध्ये ड्रायर बहुधा असतोच, आरशाखालच्या खणात किंवा न्हाणीघराच्या भिंतीवर. तो सौम्य असतो आणि बऱ्याचदा बटण धरून ठेवलं तरच चालतो. म्हणून स्वतःचा ड्रायर घरी ठेवा आणि पातळ सुती पंचा न्या. केस पिळू नका, पंच्यात गुंडाळून दाबा, पाणी टिपून घ्या. मग मानेकडून वर अशा चार भागांत वाळवा. पातळ, खांद्यापर्यंतच्या केसांना त्या ड्रायरने पंधरा मिनिटं पुरतात, दाट लांब केसांना अर्धा तास धरा.

गोव्यात तारवटी (जहाजावर नोकरी करणारा) शेजारी किंवा नातेवाइक बऱ्याच जणांना असतो. त्याच बोटीवर काम केलेला कोणी भेटला तर एवढंच विचारा: केबिनमध्ये २२०चं सॉकेट किती आणि कुठे? काही केबिनांत ते एकच असतं, तेही पलंगामागे, आरशापासून दूर. मग हातातला छोटा आरसा लागतो.

न्हाणीघरातलं ‘फक्त शेव्हरसाठी’ असं लिहिलेलं सॉकेट स्ट्रेटनरसाठी नाही. त्यामागचा ट्रान्सफॉर्मर २० ते ५० व्होल्ट-अँपियर एवढाच असतो, दाढीच्या यंत्रापुरता. तिथे स्ट्रेटनर लावला की तो तापत नाही किंवा ट्रिप होतो.

टेबलावर वापरताना सिलिकॉनची चटई किंवा उष्णता सोसणारी पिशवी खाली घ्या. बोट डुलते, वायर लटकती राहिली तर स्ट्रेटनर घसरून गालिच्यावर पडतो. पलंगावर, टॉवेलवर, पडद्याजवळ ठेवू नका. आपोआप बंद होणारं उपकरण असलं तरी प्लग हाताने काढा. हेअरस्प्रे न्हाणीघराचं दार लावून, केसांपासून वीतभर अंतरावरून मारा. केबिनच्या छतातला धुराचा सेन्सर दाट फवाऱ्यानेही वाजू शकतो. आणि स्प्रेचा फवारा गरम स्ट्रेटनरच्या आसपास मारू नका, त्यातला वायू पेट घेतो.

सरळ केलेले केस डेकवर का फुगतात

केसाला तात्पुरता आकार देणारे बंध पाणी आणि उष्णता लागली की सुटतात आणि कोरडं होताना नव्या आकारात पुन्हा जुळतात. स्ट्रेटनर हेच करतो. दमट हवेतला ओलावा तेच बंध पुन्हा सोडवतो, म्हणून केबिनमध्ये गुळगुळीत दिसलेले केस डेकवर दहा मिनिटांत फुगतात. मुरगावचा क्रूझ हंगाम पावसाळा टाळून ऑक्टोबर ते मे असतो, पण एप्रिल-मेमधली खारी, चिकट हवा काही कमी नाही.

उपाय म्हणून तापमान वाढवू नका. बारीक किंवा रंगवलेल्या केसांना १५० ते १६०, मध्यम केसांना १७०, जाड केसांना १८५ अंश सेल्सिअस पुरेत. २०० च्या वर चमक जाते ती परत येत नाही. केस पूर्ण कोरडे असू द्या. ओल्या केसावर गरम पट्टी ठेवली की आतल्या पाण्याची वाफ होते, केसाच्या आत बुडबुडे तयार होतात आणि तो तिथेच तुटतो. चर्र असा आवाज आला की लगेच थांबा. उष्णतेपासून वाचवणारं सिरम आधी लावा, दोन बोटं रुंदीची बट घ्या, एकदाच सावकाश फिरवा, मग ती बट गार होईपर्यंत हलवू नका. आकार गार होतानाच बसतो.

समुद्रात पोहून आल्यावर किंवा खाऱ्या वाऱ्यात तासभर उभं राहिल्यावर थेट स्ट्रेटनर नको, मीठ केस खडबडीत करतं. आधी गोड्या पाण्याने धुवा. वाऱ्याच्या संध्याकाळी सैल अंबाडा किंवा घट्ट वेणी हेच सर्वांत शहाणपणाचं. टोकांना खोबरेलचा एखादा थेंब चोळा.

मांडवीवरच्या तासाभराच्या बोटफेरीला यातलं काहीच नेऊ नका, केस घरूनच करून जा. भाड्याच्या छोट्या यॉटवर वीज बॅटरी आणि इन्व्हर्टरवर असते. तिथे ड्रायर लावला तर इन्व्हर्टरच बंद पडतो.

चढताना मोठ्या बॅगा धक्क्यावरच घेतल्या जातात आणि केबिनपर्यंत यायला संध्याकाळ होते. पहिल्या रात्रीच्या जेवणासाठी केस करायचे असतील तर स्ट्रेटनर, ॲडॅप्टर आणि सिरम हातातल्या बॅगेत ठेवा. उतरण्याच्या आदल्या रात्री मोठी बॅग पुन्हा दाराबाहेर ठेवावी लागते. सकाळी स्ट्रेटनर वापरणार असाल तर तो हातातल्या बॅगेतच हवा, आणि निघण्याआधी किमान पाऊण तास प्लग काढलेला. तेवढ्या वेळात तो पूर्ण गार होतो आणि कपड्यांत गुंडाळता येतो.