ग्रॅनाइटला पहिला तडा कधी गेला?

ग्रॅनाइटचा पहिला नमुना फोडला तेव्हा माझ्या वहीत एकच आकडा होता : फुटतानाचा दाब. 200 मेगापास्कलच्या वर, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर दोन टनांहून जास्त भार. मी खूश होते. सरांनी वही पाहिली आणि एवढंच विचारलं, "पहिला तडा कधी गेला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. अणुकचरा खोल खडकात पुरण्याच्या या विषयात नव्याने येणाऱ्याला मी हा प्रश्न सगळ्यात आधी सांगते, कारण तो वेळीच न सुचल्यामुळे माझे पुढचे कितीतरी नमुने वाया गेले.

अणुभट्टीतलं वापरलेलं इंधन धातूच्या जाड डब्यात बंद करायचं, भोवती बेंटोनाइट माती ठासायची आणि ते चार-पाचशे मीटर खोल, कठीण खडकात ठेवून द्यायचं, अशी ही योजना. तिथे बोगदा कोसळण्यापेक्षा पाण्याला वाट मिळण्याची काळजी मोठी असते. केसाहून बारीक भेगा एकमेकींना मिळाल्या की पाणी आत शिरतं आणि डबा कधी गळलाच तर किरणोत्सारी द्रव्य त्याच वाटेने बाहेर पडू शकतं. म्हणून खडक केव्हा फुटला यापेक्षा तो केव्हा चिरायला लागला हे आपल्याला हवं असतं.

दाबाखालचा ग्रॅनाइट भाराच्या दिशेने उभा चिरतो. क्वार्ट्ज, फेल्डस्पार आणि काळा अभ्रक यांचा ताठपणा वेगवेगळा, त्यामुळे नुसतं दाबलं तरी कणांच्या सीमेवर ओढ तयार होते, आणि ओढ सोसण्यात हा खडक फार कच्चा आहे. नमुन्यावर उभे आणि आडवे स्ट्रेन गेज (लांबीतला बारीकसा बदल मोजणाऱ्या चिकटपट्ट्या) लावले की हे भार आणि लांबीतला बदल यांच्या आलेखात दिसतं. सुरुवातीला जुन्या भेगा मिटतात, मग रेघ सरळ जाते. शेवटच्या ताकदीच्या साधारण 40 ते 50 टक्क्यांवर आडव्या गेजची रेघ हळूच वळते. पहिले नवे तडे ते हेच. 70-80 टक्क्यांच्या आसपास आकसत आलेला नमुना उलट फुगायला लागतो, म्हणजे तडे एकमेकांत मिसळू लागलेले असतात.

ते वळण इतकं सूक्ष्म असतं की कामातली हयगय ते सहज गिळून टाकते. नमुन्याची टोकं 0.02 मिलिमीटरपर्यंत सपाट हवीत. माझा एक गेज नेमका फेल्डस्पारच्या मोठ्या स्फटिकावर चिकटला होता. तीन दिवस मी त्या आलेखावर डोकं फोडलं. तो अख्ख्या खडकाचा नव्हताच, त्या एका स्फटिकाचा होता. गेजची लांबी कणाच्या किमान दहापट हवी हा नियम मी तेव्हा शिकले. चिकटवण्याआधी नमुना ओला करून भिंगाखाली फिरवून पाहा. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते टाळू नका.

प्रयोगशाळेतल्या आकड्यावर किती विसंबायचं, याचा सगळ्यात बोलका धडा कॅनडातल्या मॅनिटोबाचा. तिथल्या भूमिगत प्रयोगशाळेत 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला 420 मीटर खोलीवर, सुरुंग न लावता, 3.5 मीटर व्यासाचा गोल बोगदा काढला. खडकातला मुळातला सर्वांत मोठा ताण सुमारे 60 मेगापास्कल, सर्वांत लहान 11. गोल पोकळीच्या कडेवरचा ताण साधारण मोठ्या ताणाच्या तिपटीतून लहान ताण वजा करून येतो : 180 उणे 11, म्हणजे 169. नमुन्यांची ताकद 200 च्या वर. हिशोबाने बोगदा शाबूत राहायला हवा होता. प्रत्यक्षात छतातून आणि तळातून कपच्या निघत गेल्या आणि इंग्रजी व्ही अक्षरासारख्या खाचा पडल्या. बोगद्याच्या कडेवरची ताकद नमुना फुटण्याच्या आकड्यापेक्षा तडे सुरू होण्याच्या आकड्याच्या बरीच जवळ निघाली. हे गणित एकदा स्वतःच्या हाताने मांडून पाहा.

दुसरं उदाहरण मला फार दिलासा देणारं वाटतं. स्वीडनमधल्या अ‍ॅस्पो प्रयोगशाळेत 450 मीटर खोलीवर दोन मोठी भोकं एक मीटर अंतरावर पाडली आणि मधला खांब मुद्दाम तापवला. उघड्या भोकाच्या भिंतीवरून कपच्या सुटल्या. दुसऱ्या भोकात आतून जेमतेम 0.7 मेगापास्कलचा पाण्याचा दाब ठेवला होता, तेवढ्यानेही भिंत बरीचशी धरून राहिली. ओली होऊन फुगणारी बेंटोनाइट माती भिंतीला असाच आतून आधार देते. खडक आणि माती यांचा विचार एकत्र करायचा तो यासाठी.

वेळ ही बाब मात्र मला पुस्तकातून कधीच नीट कळली नव्हती. ओल्या नमुन्यावर भार एका पातळीला धरून ठेवला होता, तडे सुरू होण्याच्या बऱ्याच वर, फुटण्याच्या बऱ्याच खाली. अकूस्टिक एमिशनचे, म्हणजे तडा जाताना उठणारा बारीक आवाज टिपणारे सेन्सर लावलेले. भार तसूभरही वाढत नव्हता, तरी पडद्यावर अधूनमधून एक ठिपका उमटे : आत कुठेतरी एक बारीक तडा पुढे सरकलेला. तड्याच्या टोकाशी पाणी सिलिकाचे बंध एकेक करून सैल करतं, त्याचा तो माग. दुसऱ्या दिवशी सकाळी आले तेव्हा ठिपके विरळ झाले होते, पण थांबले नव्हते. अशी एक चाचणी तुम्हीही लावा, आणि पहिली रात्र तिच्याजवळ बसून काढा.