दात खाताय? आधी झोप तपासा, या चुका टाळा

झोपेत कुणी दात खाल्ले की आमच्या इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या घरात निदान ठरलेलं: पोटात जंत झालेत! ह्यांना तर ४८व्या वर्षी सासूबाईंनी जंताच्या गोळ्या घ्यायला लावल्या. दात खाणं चालूच, वर त्याच वर्षी एका दाढेची कॅप दोनदा फुटली.

आमची मोठी चूक इथेच झाली. फुटली की नवी बसवायची, का फुटते ते विचारायचं नाही. सकाळी कानशिलं ठणकतात, जबडा आखडतो, तेही उशीवर ढकललेलं. तिसऱ्या डॉक्टरांनी मात्र कॅप बाजूला ठेवून जीभ बघितली. कडेला दातांचे ठसे, थेट करंजीची मुरड. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, हे घोरतात का?" आता हे मला विचारायचं! घोरता घोरता मध्येच चिडीचूप होतात आणि दचकून श्वास घेतात, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा कुणाला सांगितलं.

झोपेत श्वास निदान १० सेकंद थांबणं म्हणजे ॲप्निया. श्वास थांबण्याचे किंवा उथळ होण्याचे प्रसंग तासाला ३० च्या पुढे गेले की आजार गंभीर धरतात. स्लीप स्टडीत, म्हणजे रात्रभर झोपेतला श्वास मोजणाऱ्या तपासणीत, ह्यांचे २२ निघाले. दात खाणं आणि ॲप्निया अनेकांत जोडीने सापडतात. कुणामुळे कोण, हे दर वेळी सांगता येत नाही.

त्याआधी आम्ही गरम पाण्यात मऊ करून चावायचा गार्डही ऑनलाइन मागवला होता. त्याने दातांची झीज वाचते, श्वास मोकळा होत नाही. काहींचा त्रास उलट वाढतो. खालचा जबडा पुढे धरणारं उपकरण वेगळं. ते स्लीप स्टडीनंतर, मापाने करून घ्यायचं.

आणि सराफा, आमचा इंदूरचा रात्रीचा खाऊबाजार! रात्री साडेबाराला रबडी-जलेबी, घरी येऊन सरळ गादीवर. झोपेत लाळ तशीही कमी होते, तोंड उघडं राहिलं की उरलीसुरली सुकते, साखर मात्र दातांवर तशीच. घशाशी आंबट आलं असेल तर लगेच ब्रश करू नका, ॲसिडने इनॅमल मऊ झालेलं असतं. चूळ भरा, अर्धा तास थांबा.

ॲप्नियासाठी सीपॅप मशीन मिळालं, मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं. त्याने तोंड कोरडं पडतं म्हणून ह्यांनी ते चार दिवसांत कपाटात टाकलं होतं. हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर जोडला, मास्क बदलला, मग जमलं.

घरातलं मूल तोंड उघडं टाकून झोपत असेल, रोज घोरत असेल, तर जंताच्या औषधाआधी त्याचे टॉन्सिल आणि ॲडेनॉइड (नाकाच्या मागची गाठ) कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.