भाड्याचे टायर, उधारीचा आरसा

आमच्या अण्णांची काळी-पिवळी होती, लातूर-निलंगा रोडवर चालायची. वर्षातून एकदा घरात सणासारखी धावपळ व्हायची, ती पासिंगची, म्हणजे आरटीओकडच्या तपासणीची. आदल्या रात्री शेजारच्या काकांच्या जीपचे दोन चांगले टायर आमच्या गाडीला चढायचे, मामाच्या गाडीचा आरसा यायचा आणि मी टॉर्च धरून उभी राहायचे. पासिंग झाली की दुसऱ्या दिवशी ज्याचं त्याला परत. पुढे मीच सहायक मोटार वाहन निरीक्षक झाले, तेव्हा अण्णा म्हणाले, ‘‘आता तुला कोण फसवणार बाई, तूच तर टॉर्च धरत होतीस.’’

या नोकरीत नव्याने येणाऱ्यांसाठी लिहितेय, म्हणून अर्हतेचं थोडक्यात. दहावीनंतर ऑटोमोबाइल किंवा मेकॅनिकलचा तीन वर्षांचा डिप्लोमा, आणि मग एमपीएससी. केंद्राच्या १९८९च्या अधिसूचनेत हलक्या-जड दोन्ही गाड्या दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपचा एक वर्षाचा अनुभव आणि जड वाहनांचं लायसन्सही होतं. महाराष्ट्रात या अटींमध्ये बदल झाले, वादही झाले, त्यामुळे आपल्या वर्षीची जाहिरातच शब्दन्‌शब्द वाचा. अट असो वा नसो, गॅरेजमध्ये वर्षभर हात काळे करा. मी लातूरच्या शासकीय तंत्रनिकेतनात डिप्लोमा केला; तिथे किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ, आकृतीत पाहिली. ती झिजल्यावर चाक कसं बोलतं, ते एमआयडीसीतल्या गॅरेजात जॅकखाली बसून कळलं.

नियम पाठ असायलाच हवेत, पण ते मोजकेच आहेत. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५६. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम ६२. नव्या व्यावसायिक वाहनाला आठ वर्षांचं होईपर्यंत दोन-दोन वर्षांचं योग्यता प्रमाणपत्र मिळतं, त्यानंतर दर वर्षी यावं लागतं. परीक्षेपुरतं एवढं पुरे. ट्रॅकवर उभं राहिल्यावर खरा प्रश्न वेगळाच पडतो: समोर उभी असलेली गाडी आज सकाळी सजवून आणलीय. हिच्यात काय उसनं आहे, आणि काय उसनं आणताच येत नाही?

टायर, आरसा, वायपर, आग विझवायचं नळकांडं, प्रथमोपचार पेटी हे सगळं उसनं मिळतं. पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), किंगपिन, स्टेअरिंग बॉक्स, चेसी (गाडीचा सांगाडा) आणि ब्रेकचे ड्रम कोणी एका दिवसासाठी देत नाही. म्हणून मी खालून वर येते. आधी चेसी नंबर कागदाशी जुळवायचा, तोही फोटोवर भागवून नाही, कापडाने पुसून, बोट फिरवून. आकड्यांच्या आजूबाजूला ग्राइंडरचे ओरखडे किंवा ताजा रंग असेल तर थांबायचं.

चेसीला कालच काळा रंग मारलेला असेल तर मला आनंद होत नाही. रंगाखाली तडा झाकतात. आमच्याकडे पावसाळ्यात उलटा त्रास होतो. काळ्या मातीचे गोळे पाट्यांमध्ये असे बसतात की ते अॅक्सलला बांधणारा यू-बोल्ट दिसतच नाही. अशी गाडी सरळ धुवायला परत पाठवायची. ‘‘मॅडम, पुन्हा शंभर रुपये जातेत,’’ म्हणतात. जाऊ देत. पाट्याला तडा असेल तर तिथे गंजाची बारीक लाल रेघ दिसते. मधला बोल्ट तुटून अॅक्सल सरकला असेल तर दोन्ही बाजूंना टायर आणि मडगार्डमधलं अंतर सारखं राहत नाही. ते पाहायला यंत्र लागत नाही, गाडीच्या मागे दहा पावलं जाऊन उकिडवं बसावं लागतं.

स्टेअरिंगचा प्ले, म्हणजे चाक न वळता ते जितकं नुसतंच फिरतं तो खेळ, नियमात ३० अंशांपर्यंत चालतो. अंश डोळ्यांना दिसत नाहीत. साधारण ४५ सेंटिमीटर व्यासाच्या स्टेअरिंगवर ते कडेला जवळपास १२ सेंटिमीटर भरतं, म्हणजे अर्ध्या वितीपेक्षा थोडं जास्त. पॉवर स्टेअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवूनच बघा. पुढचं चाक जॅकवर घ्या, वरून-खालून धरून हलवा. हललं तर लगेच लिहू नका. कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंगचा होता. तरीही हललं तर किंगपिन गेलेली आहे. हा फरक मला गॅरेजातल्या एका उस्तादाने शिकवला, पुस्तकाने नाही.

ब्रेकची चाचणी २५० मीटरच्या ट्रॅकवर होते. असा ट्रॅक हवाच, ही उच्च न्यायालयाची ताकीद, आणि ती योग्यच होती. गाडी रस्त्याच्या कडेला दहा फूट पुढे-मागे करून ब्रेक कळत नाही. ताशी ४० म्हणजे सेकंदाला ११ मीटर. ड्रायव्हरचा पाय पेडलवर जाईपर्यंतच गाडी तेवढी पुढे गेलेली असते. मी नुसतं किती अंतरात थांबली ते बघत नाही, थांबताना नाक कुठल्या बाजूला वळलं ते बघते. मग चार-पाच वेळा ब्रेक मारायला लावून प्रत्येक ड्रमजवळ तळहात नेते. टेकवायचा नाही, भाजतो. तीन ड्रम तापलेत आणि एक थंड आहे, तर त्या चाकाला ब्रेकच लागत नाही. एअर ब्रेक असेल तर हवा पूर्ण भरली की इंजिन बंद करायचं, पेडल दाबून धरायचं आणि कान द्यायचा. सूंऽऽ असा आवाज आला की काटा बघायची गरज उरत नाही. स्वयंचलित चाचणी केंद्रांत हेच काम रोलर करतो, डाव्या-उजव्या चाकातला फरक आकड्यांत देतो. ते चांगलंच. पण रोलरला पाट्याचा तडा दिसत नाही, तिथे माणूसच वाकतो.

टायरच्या खाचांची खोली किमान १.६ मिलिमीटर, दुचाकी-तीनचाकीला ०.८. गेज खिशात ठेवा. गोटा झालेलं टायर तर लांबूनच दिसतं. कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. चाकाच्या नटांवर ताजे चकचकीत ओरखडे आणि बाकी चाकावर जुनी धूळ दिसली, तर काल रात्री कुणीतरी टॉर्च धरून उभं होतं, हे समजायचं.

दिवे आणि रेडियम यांना नवखे लोक किरकोळ समजतात. ऊस सुरू झाला की रात्री लातूर किंवा बीडकडच्या कोणत्याही रस्त्यावर जा, मग कळेल. ट्रॉलीच्या मागून वाढे लोंबतात आणि रेडियम त्यांच्याखाली गडप होतं. पुढे पांढरं, बाजूला पिवळं, मागे लाल, एवढी तरी पट्टी धड हवी, आणि भरलेल्या गाडीत ती दिसेल अशा जागी हवी. रिकाम्या गाडीवर टिक करणं सोपं असतं. हेडलाइटचा नियमही लक्षात ठेवण्याजोगा आहे: आठ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवरच्या डोळ्यावर झोत पडता कामा नये. वरून लावलेले पांढरे बल्ब मी काढून हातात देते.

गाडी नापास करणं हे यातलं अवघड काम. एजंट मधे येतो, कुणाचा तरी फोन येतो, ड्रायव्हर कर्जाच्या हप्त्याचं रडगाणं सांगतो. वाद घालू नका. नकाराची कारणं लेखी देणं कलम ५६नुसार बंधनकारकच आहे, आणि तो कागद तुम्हालाही वाचवतो. ‘गाडी खराब’ असं लिहू नका. ‘पुढील डावी किंगपिन झिजलेली, मागील दोन टायर १.६ पेक्षा कमी’ असं लिहा. मालक ते घेऊन थेट मिस्त्रीकडे जातो.

माझ्या पहिल्या पोस्टिंगवर एका जीपवाल्याला मी नेमका हाच शेरा दिला होता. जुनीच काळी-पिवळी, दोन पोरांची फी त्याच गाडीवर. आठव्या दिवशी परत आला, जुनी किंगपिन पेपरात गुंडाळून पुरावा म्हणून घेऊन. गाडी पुन्हा जॅकवर घेतली. नवी बसली होती, खेळ शून्य. मागचे टायरही झकास. नटांवर ताजे ओरखडे होते. मी त्याच्याकडे बघितलं, तो हसला. ‘‘मेव्हण्याचे हायेत मॅडम. किंगपिनलाच सगळे पैशे गेले.’’

नियम खोली मोजतो, टायर कुणाचं ते विचारत नाही. तपासणीच्या वेळी गाडीवर असलेले टायर १.६ च्या बरेच वर होते. पास केली. दोन्ही टायरवरचे नंबर मात्र त्याच्यासमोर डायरीत उतरवले, आणि रस्त्यावर गाडी दिसली तर थांबवून बघेन, असं त्याला सांगितलं. पुढे महिन्याभराने निलंगा रोडवर ती दिसली. थांबवली. टायर मेव्हण्याचे नव्हते, रिमोल्ड होते, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेले. गेज लावलं, खोली भरली. जाऊ दिली.