तासाचे फोटो समोर ठेवले आणि चर्चा सुरू झाली

वर्गातला तास संपल्यावर मी ‘तास कसा झाला?’ विचारलं की शिक्षकांचं उत्तर ठरलेलं, ‘छान झाला.’ पुढे गाडी सरकेना. मग वर्गाच्या मागे स्टँडवर फोन लावला, दर पाच मिनिटांनी आपोआप फोटो निघेल असा. (पालकांची परवानगी आधीच घेतली होती.) चर्चेसाठी फोटो शिक्षकानेच निवडायचे, नाहीतर ती तपासणी वाटते. एका बाईंनी निवडलेल्या फोटोत पुढच्या रांगांतले हात वर, खिडकीजवळचा मुलगा मात्र पेन्सिलीला टोक काढतोय. पुढच्या फोटोंतही तेच. “मी तिकडे फिरकलेच नाही की!” बाई स्वतःच म्हणाल्या. मानववंशशास्त्रज्ञ जॉन कोलियर यांनी १९५७ मध्येच मांडलं होतं की, फोटो समोर असला की मुलाखतीत माणूस जास्त नेमकं बोलतो. मी आता फोटो समोर ठेवून एवढंच विचारते, “याच्या आधी काय चाललं होतं?”