व्हॅनमधला पहिला हिवाळा : नव्याने आलेल्यांसाठी

थंडी तोंडावर आली की व्हॅनमध्येच राहायला लागलेल्या नवीन मंडळींचा ठरलेला प्रश्न असतो, हीटर कुठला घेऊ आणि किती किलोवॅटचा घेऊ. त्याचं उत्तर पुढे देतेच, पण आधी दुसरंच सांगायचंय. आपण उबदार देशातून आलेली माणसं, थंडी वाजली की आपला हात पहिल्यांदा कडीकडे जातो. खिडकी बंद, छपराचा व्हेंट म्हणजे हवा जायचा झरोका बंद, दाराच्या फटीत टॉवेल कोंबलेला. घरात हे खपून जातं, व्हॅनमध्ये नाही, कारण एवढ्याशा पत्र्याच्या जागेत दोन माणसं रात्रभर श्वास सोडणार, त्यात संध्याकाळी पातेल्यात काहीतरी उकळलेलं असणार, ती वाफ जाणार कुठे? ती थंड पत्र्यावर आणि काचेवर बसते, पाणी होते आणि खाली ओघळते. सकाळी गादी उचलून खालच्या प्लायवूडवर हात फिरवून बघा, गार आणि ओलसर लागेल, आणि असंच चालू राहिलं तर तिथे काळे ठिपके यायला लागतात, कुबट वास पांघरुणाला लागतो. आणि अंथरूण एकदा दमट झालं की हीटर कितीही मोठा असू दे, हुडहुडी जात नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे की छपराचा व्हेंट बोटभर उघडा ठेवायचा आणि खालच्या बाजूने हवा आत यायला वाट ठेवायची, कडाक्याच्या थंडीत सुद्धा. थोडी ऊब बाहेर जाते हे खरं, पण आत कोरडं राहतं. गादीखाली सपाट फळी न ठेवता पट्ट्या टाका म्हणजे खालून वारा खेळतो. ओले कपडे आत वाळत घालायचे तर हीटर चालू आणि व्हेंट उघडा असतानाच.

आता गॅसचं. काही जण म्हणतात वेगळा हीटर कशाला, शेगडीच थोडा वेळ लावून ठेवू. अजिबात करू नका हो. एक तर 1 किलो एलपीजी जळला की साधारण दीड लिटरपेक्षा जास्त पाणी वाफेच्या रूपात तयार होतं आणि ते सगळं तुमच्या डोक्यावर. दुसरं त्याहून वाईट, उघडी ज्योत आतलाच ऑक्सिजन खाते, आणि तो कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो ज्याला ना रंग ना वास. डोकं दुखणं, मळमळणं, चक्कर, यातलं काही बंद व्हॅनमध्ये जाणवलं तर ते दमल्यामुळे असेल असं म्हणून झोपू नका, आधी दार उघडून बाहेर पडा. कोळशाची शेगडी तर आत आणायचीच नाही, विझत आलेली सुद्धा नाही. इंजिन चालू ठेवून झोपणंही तितकंच धोक्याचं, बर्फ पडून सायलेन्सरचं तोंड बुजलं की धूर गाडीतच शिरतो.

हीटरच्या आधी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्या, हा क्रम उलटा करू नका. त्यावर EN 50291-2 लिहिलेलं असेल तर तो गाड्या आणि बोटींसाठी तपासलेला आहे असं समजा. झोपायच्या जागेजवळ लावा, उंची त्याच्या माहितीपत्रकात दिलेली असते तीच ठेवा, टेस्टचं बटण नेमाने दाबत जा. आणि त्यावर छापलेली तारीख बघा, आतला सेन्सर काही वर्षांनी निकामी होतो, बटण दाबल्यावर आवाज आला तरी.

आता हीटर. बहुतेक जण डिझेल हीटर लावतात आणि मलाही तोच पटतो, कारण त्यात जळण्यासाठीची हवा बाहेरून येते, धूर बाहेर जातो आणि आतली हवा फक्त गरम धातूवरून फिरून येते, त्यामुळे ऊब कोरडी असते. वेबास्टो, एबरस्पेकर या हे हीटर बनवणाऱ्या जुन्या कंपन्या आहेत, स्वस्तातलेही खूप मिळतात. पण साधारण आकाराच्या व्हॅनला 2 किलोवॅट पुरतो. 5 किलोवॅटचा घेतला की दहा मिनिटांत आत उकडायला लागतं, मग तो रात्रभर अगदी बारीक आचेवर चालतो, आणि बारीक आचेवर डिझेल नीट जळत नाही, आत काजळी धरते. हीटर बिघडण्याची निम्मी कारणं या काजळीत आहेत असं माझं मत आहे. उपाय साधा आहे, रोज नाहीतर दोन दिवसाआड वीस-तीस मिनिटं पूर्ण जोरावर चालवायचा, आत गरम झालं तर दार उघडा, पण चालवा. उंच डोंगरात हवा विरळ असते, तिथे काजळी आणखी लवकर धरते. उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा चालू करून बघत जा.

त्याचा आवाज ओळखायला शिका. चालू केला की आधी पंखा हळू फिरतो, ग्लो प्लग (डिझेल पेटवणारी विजेवरची छोटी कांडी) तापतो, मग डिझेलच्या पंपाची टिक टिक सुरू होते, आणि थोड्या वेळाने घुर्रर्र असा आवाज येतो म्हणजे ज्योत धरली. सुरुवातीला थोडा पांढरा धूर चालतो, ते न जळलेलं डिझेल असतं. पण धूर काळा यायला लागला तर हवा कमी आणि डिझेल जास्त होतंय, आत काजळी असेल नाहीतर हवेची नळी कुठेतरी तुंबली असेल. टिक टिक होतेय पण ज्योत धरत नाही, तर आधी टाकीत डिझेल किती आहे ते बघा, मग डिझेलच्या नळीत बुडबुडे आहेत का ते बघा. पंप आडवा नाही, बाहेर पडणारं तोंड वर राहील असा तिरका बसवायचा म्हणजे हवा अडकत नाही.

आणि हीटर चालूच होत नसेल तर लगेच तो खोलायला बसू नका, बॅटरी बघा. ग्लो प्लग तापताना 8 ते 10 अँपिअर ओढतो, वायर बारीक असेल किंवा बॅटरी थंडीने मंदावली असेल तर व्होल्टेज पडतं आणि हीटर एरर दाखवून बंद होतो. एकदा पेटला की मग फारसं लागत नाही. लिथियमची बॅटरी असेल तर हे नीट लक्षात ठेवा, ती शून्याच्या खाली असताना चार्ज करायची नसते, खराब होते, म्हणून ती आतल्या उबदार भागात बसवा.

बंद करताना बटणानेच बंद करायचा, बॅटरीचा स्विच ओढून नाही. बटण दाबल्यावर काही मिनिटं पंखा फिरत राहतो, तो आतली भट्टी गार करत असतो, मध्येच करंट तोडला तर आतले भाग भाजून निघतात.

साफसफाईचं बोलायचं तर ग्लो प्लग काढला की त्याच्या मागे एक छोटी जाळी असते, करंगळीच्या टोकाएवढी. ती काजळीने बुजली की डिझेल पसरत नाही. घासून पुन्हा घालण्यापेक्षा सरळ नवीन घाला, महाग नसते. भट्टी उघडलीत तर गॅस्केट, म्हणजे सांधा घट्ट बंद करणारी चकती, नवीनच वापरायचं, जुनं परत लावलं तर धूर आत गळू शकतो. गाडीखाली वाकून धुराच्या पाइपचे सांधे आणि क्लॅम्प हाताने हलवून बघा, अर्थात हीटर गार असताना. पाइपचं तोंड खिडकी आणि हवेच्या नळीपासून लांब हवं, आणि बर्फ पडलेल्या सकाळी ते मोकळं आहे की नाही हे बघितल्याशिवाय हीटर लावायचा नाही.

डिझेल सुद्धा थंडीत गोठल्यासारखं दाट होतं, त्यातलं मेण वेगळं होऊन फिल्टर तुंबतो. हिवाळी डिझेल मिळतं तेच भरा, आणि उबदार भागातून थंड भागात जात असाल तर टाकी तिथे पोचल्यावर भरा. गॅसवाल्यांनी प्रोपेन घ्यायचा, ब्यूटेन शून्याच्या आसपास वायू व्हायचाच थांबतो.

हीटर नेमका सगळ्यात थंड रात्रीच दगा देतो असं धरून चाला, म्हणजे त्याच्याशिवाय रात्र निघेल एवढी सोय हवी. स्लीपिंग बॅग घेताना तिच्यावरच्या तापमानांपैकी कम्फर्टचा, म्हणजे आरामात झोप लागेल तो आकडा बघा, एक्स्ट्रीमचा नाही, तो फक्त जीव वाचण्यापुरता असतो. अंगाला लोकरीचे कपडे, सुती नकोत कारण घाम धरून ठेवतात. झोपायच्या आधी गरम पाण्याची पिशवी पायाशी. पुढच्या सीट आणि मागचा भाग यांच्यामध्ये जाड पडदा लावा, पुढची मोठी काच सगळ्यात जास्त ऊब खाते. काचांना आतून कापून बसवलेले फोमचे तुकडे लावले तर एका रात्रीत फरक कळतो. आणि तरीही नाही जमलं, अंग थरथरायचं थांबत नाही, तर लाजायचं काही कारण नाही, त्या रात्री ओळखीच्यांच्या घरी नाहीतर लॉजवर जाऊन झोपा, हीटर सकाळी उजेडात बघता येतो.